राक्षसांशी घरोबा

ऑक्टोबर लागला की अमेरिकेतील दुकानांच्या काचांमागे, शाळांच्या वर्गांत आणि न्याहारीच्या सीरियलच्या खोक्यांवर काही ठरावीक चेहरे दिसू लागतात : उंच कॉलरचा काळा झगा पांघरलेला काउंट ड्रॅक्युला, सपाट डोक्याचा आणि मानेतून खिळे बाहेर आलेला फ्रँकेन्स्टाइनचा मॉन्स्टर, पट्ट्यांत गुंडाळलेली ममी आणि केसाळ तोंडाचा लांडगा-माणूस. ज्या चित्रपटांतून हे चेहरे आले, ते मोठ्यांसाठी आणि मोठ्यांना घाबरवण्यासाठीच काढलेले होते. त्यांतील काही दृश्यांना त्या काळी कात्री लागली आणि ब्रिटनच्या सेन्सॉरने तर १९३२ मध्ये अशा चित्रपटांसाठी वेगळा शेरा सुरू केला. आज तेच चेहरे तीन-चार वर्षांच्या मुलांच्या कपड्यांवर छापलेले असतात आणि आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे घर एकत्र बसून ते चित्रपट पाहते. काळ पुढे गेला, नवे भयपट अधिक भीषण झाले आणि जुन्यांची धार आपोआप बोथट झाली, असे या बदलाचे स्पष्टीकरण सहसा दिले जाते, पण ते अपुरे आहे. चित्रपट होते तसेच राहिले. ते पाहण्याची जागा, वेळ आणि सोबत बदलली, आणि मुलांनी त्यांत असे काही ओळखले की जे मोठ्यांच्या नजरेतून बरेचसे निसटले होते.

हॅलोविन हा ३१ ऑक्टोबरच्या रात्रीचा उत्सव. ख्रिस्ती पंचांगात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर हा मृतात्म्यांच्या स्मरणाचा दिवस असून त्यांच्या आदल्या संध्याकाळचा हा उत्सव आयर्लंड व स्कॉटलंडमधील, सुगी संपून हिवाळा सुरू होतानाच्या ‘साउइन’ या जुन्या सणाशी जोडला जातो. एकोणिसाव्या शतकात तिकडच्या स्थलांतरितांबरोबर तो अमेरिकेत पोहोचला, आणि मायदेशी सलगम कोरून दिवे करणाऱ्या या लोकांना नव्या देशात भोपळा सहज मिळू लागला. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत मात्र ही रात्र टारगट पोरांच्या उपद्व्यापांसाठी बदनाम होती. दारे-कुंपणे उखडणे, खिडक्या फोडणे इथपर्यंत मजल गेल्यावर गावोगावच्या नगरपालिकांनी आणि नागरिकांच्या मंडळांनी मुलांसाठी मिरवणुका आणि मेजवान्या भरवायला सुरुवात केली. सोंगे घेऊन दारोदार जायचे आणि ‘खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू’ अशा अर्थाची लाडिक धमकी द्यायची, ही ‘ट्रिक ऑर ट्रीट’ची प्रथा त्यातूनच रुळली. दुसऱ्या महायुद्धात साखरेचे रेशनिंग असल्याने तिला खीळ बसली, पण युद्ध संपल्यानंतर शहरांबाहेर ज्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या त्यांत तिने कायमचे मूळ धरले. म्हणजे हॅलोविन मुलांचा सण म्हणून स्थिर झाला तो १९५० च्या दशकाच्या आसपास; आणि त्याच दशकाच्या अखेरीस हे राक्षस घराघरांत शिरले.

त्याआधी या राक्षसांचा हॅलोविनशी काडीचाही संबंध नव्हता. युनिव्हर्सल या हॉलिवूडच्या कंपनीचा ‘ड्रॅक्युला’ १९३१ च्या फेब्रुवारीत, ‘फ्रँकेन्स्टाइन’ त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, तर ‘द ममी’ १९३२ च्या आणि ‘द वुल्फ मॅन’ १९४१ च्या डिसेंबरात प्रदर्शित झाला. महामंदीच्या त्या वर्षांत कंपनी अडचणीत होती, आणि वयाच्या एकविसाव्या वर्षी वडिलांनी निर्मितीप्रमुख केलेल्या कार्ल लेमली ज्युनिअर या तरुणाने भयपटांवर डाव लावला. पहिला डाव फळला म्हणून दुसरा टाकला गेला, आणि असे करता करता एक मालिकाच उभी राहिली.

यांतला ‘ड्रॅक्युला’ आज प्रथमच पाहणाऱ्याला एक आश्चर्य वाटल्याशिवाय राहत नाही. रक्तपिपासू पिशाच्चाच्या या चित्रपटात पिशाच्चाचे सुळे एकदाही दिसत नाहीत आणि रक्त दिसते ते कागदाच्या टाचणीने बोटाला ओरखडा उमटतो तेवढेच. हल्ला होण्याच्या क्षणी कॅमेरा बाजूला वळतो किंवा दृश्य संपते. मुख्य भूमिकेतील बेला लुगोसी हा हंगेरियन नट, आणि त्याच्या इंग्रजीला असलेला मातृभाषेचा हेल व शब्दाशब्दावर थबकणारी चाल यांतच सगळी भीती सामावलेली आहे. पार्श्वसंगीत जवळजवळ नाही, कारण बोलपट नवे होते आणि वाद्ये कुठून वाजत आहेत हे पडद्यावर दिसल्याखेरीज प्रेक्षकांना संगीत खटकेल, अशी त्या काळच्या निर्मात्यांची समजूत होती. ट्रान्सिल्व्हेनियातील पडक्या किल्ल्यात फिरताना दाखवलेला आर्माडिलो हा खवल्यांच्या कवचाचा प्राणी मुळात अमेरिका खंडातला. तो तिथे कसा पोहोचला, हे कोडे लहान मुलांना पिशाच्चापेक्षा अधिक रंजक वाटण्याची शक्यता आहे.

‘फ्रँकेन्स्टाइन’ची गोष्ट वेगळी, तिथे थांबून पाहण्यासारखे पुष्कळ आहे. मेरी शेली यांच्या १८१८ मधील कादंबरीत फ्रँकेन्स्टाइन हे मृतदेहांच्या अवयवांपासून सजीव घडवणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव आहे आणि त्याने घडवलेला जीव अनामिकच आहे. त्या जीवाला आज सर्वांना परिचित असलेले रूप दिले ते दिग्दर्शक जेम्स व्हेल यांच्या चित्रपटासाठी काम करणाऱ्या जॅक पिअर्स या रंगभूषाकाराने. शल्यविशारद कवटी उघडायची झाली तर ती भांड्याच्या झाकणासारखी सरळ रेषेत कापून मेंदू आत ठेवील आणि वरचा भाग पुन्हा बसवील, असा त्याचा तर्क होता, आणि म्हणून डोके सपाट झाले. मानेतले ते खिळे नसून शरीरात वीज सोडण्यासाठी बसवलेली टोके आहेत. मॉन्स्टरची भूमिका करणाऱ्या बोरिस कार्लॉफच्या कपाळावर कापूस आणि कोलोडियन, म्हणजे वाळल्यावर कातडीला घट्ट धरून बसणारा उग्र वासाचा द्रव, यांचे थरावर थर रोज सुमारे चार तास चढवले जात. कार्लॉफने एका बाजूचे बसवलेले दात काढून ठेवले आणि गाल आपोआप खोल गेला. डोळे फार तरतरीत दिसतात असे वाटल्यावर पापण्यांवर मेण लावून त्या जड करण्यात आल्या. चेहऱ्याचा रंग हिरवट राखाडी ठेवला होता, तो त्या वेळच्या कृष्णधवल फिल्मवर प्रेतासारखा फिकट उमटावा म्हणून. पुढे खेळण्यांतला आणि मुखवट्यांतला मॉन्स्टर हिरवागार झाला खरा, पण मूळ चित्रपटाच्या पडद्यावर त्याला हिरवा कोणीच पाहिलेला नव्हता.

या चित्रपटातील तळ्याकाठचा प्रसंग सर्वांत वादग्रस्त ठरला. मारिया नावाची छोटी मुलगी एकटी खेळत असताना मॉन्स्टर झाडीतून बाहेर येतो. ती पळत नाही, उलट त्याचा हात धरून त्याला काठावर बसवते, आपल्याजवळची फुले त्याला देते आणि पाण्यात टाकलेली फुले कशी तरंगतात हे दाखवते. तोही एकेक फूल टाकतो आणि संपूर्ण चित्रपटात पहिल्यांदाच हसतो. त्याच्या हातातली फुले संपतात. सुंदर वस्तू पाण्यावर तरंगते एवढेच नुकते शिकलेला तो जीव मग त्या मुलीलाच उचलून पाण्यात टाकतो, आणि ती वर येत नाही हे पाहून भेदरून पळत सुटतो. हे दृश्य क्रूर आहे असे ठरवून ते कापण्यात आले आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षे प्रेक्षकांना दिसत राहिले ते एवढेच, की मॉन्स्टर मुलीकडे हात नेतो आणि नंतर तिचा बाप तिचे कलेवर हातांवर घेऊन गावात येतो. मधल्या वेळात काय घडले असेल याची कल्पना जो तो आपापल्या परीने करू लागला आणि अज्ञानातून झालेला अपघात निर्घृण अत्याचार ठरला. १९८० च्या दशकात कापलेला भाग पुन्हा जोडला गेला तेव्हा चित्रपट उलट सौम्य झाला. मुलांना जपण्यासाठी चालवलेली कात्री मुलांच्या भल्याची असतेच असे नाही, याचा इतका ठसठशीत दाखला चित्रपटांच्या इतिहासात क्वचितच मिळेल.

मुलांनी मात्र कापलेल्या चित्रपटातूनही मॉन्स्टरला बरोबर ओळखले. त्यांची पत्रे येत आणि त्यांत भीतीपेक्षा कणव अधिक असे, हे कार्लॉफ पुढे अनेकदा सांगत असे. यात नवल नाही. अंगाने मोठा पण हातापायांवर ताबा नसलेला, बोलता न येणारा, आगीला घाबरणारा, काय चुकले हे न कळताच मार खाणारा आणि ज्याने जन्माला घातले त्याच्याकडूनच टाकला गेलेला हा जीव म्हणजे मोठ्यांच्या जगात वावरणारे मूलच आहे. मोठी माणसे शास्त्रज्ञाच्या बाजूने चित्रपट पाहत होती, मुले मॉन्स्टरच्या.

कार्लॉफच्या घराण्याचा धागा महाराष्ट्रापर्यंत येतो, हे फारसे माहीत नसते. त्याचे खरे नाव विल्यम हेन्री प्रॅट, जन्म १८८७ मधला आणि लंडनचा. वडील हिंदुस्थानातील ब्रिटिश सरकारच्या मीठ-महसूल खात्यात होते आणि आई एलायझा मिलर्ड हिचा जन्म हिंदुस्थानातलाच. या एलायझाची मावशी म्हणजे सयामच्या राजवाड्यात शिक्षिका म्हणून गाजलेली, आणि पुढे ‘द किंग अँड आय’ या संगीतिकेची नायिका झालेली अ‍ॅना लिओनोवेन्स. तिचा जन्म १८३१ मध्ये अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, आणि लग्न १८४९ मध्ये पुण्यात झालेले. आपले अँग्लो-इंडियन मूळ अ‍ॅनाने आयुष्यभर लपवून ठेवले; कार्लॉफही त्याविषयी मौनच पाळून होता. मूकपटांच्या काळात त्याच्या सावळ्या वर्णामुळे त्याला अरब, हिंदी अशा ‘परक्या’ माणसांच्या किरकोळ भूमिका मिळत. नंतर तो जगातल्या सर्वांत प्रसिद्ध परक्याचा चेहरा झाला.

तरीही या चित्रपटांना घरात प्रवेश मिळायला १९५७ साल उजाडावे लागले. मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. १९३८ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका लहान चित्रपटगृहाने हे जुने भयपट एकाच तिकिटात दाखवले, रांगा लागल्या, आणि युनिव्हर्सलने ‘ड्रॅक्युला’ व ‘फ्रँकेन्स्टाइन’ची जोडी देशभर पुन्हा फिरवली, ही गल्ल्यावरची खात्री पटल्यावर १९३९ मध्ये ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ आला आणि पुढे प्रत्येक राक्षसाची गाठ दुसऱ्या राक्षसाशी घालून देण्याची लाटच आली. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. १९४८ मध्ये बड अ‍ॅबट आणि लू कॉस्टेलो या लोकप्रिय विनोदी जोडीची ड्रॅक्युला, लांडगा-माणूस आणि फ्रँकेन्स्टाइनचा मॉन्स्टर या तिघांशी गाठ घालणारा चित्रपट निघाला. त्याचे यश एका साध्या निर्णयात आहे : राक्षसांना विनोद करू द्यायचा नाही. लुगोसीने ड्रॅक्युला पूर्ण गांभीर्याने रंगवला, लॉन चेनी ज्युनिअरचा लांडगा-माणूस आपल्या शापाने खरोखरच तळमळतो, आणि हास्य उमटते ते कॉस्टेलोच्या बोबडी वळण्यातून. भीतीचा मान राखूनही घाबरणाऱ्यावर हसता येते, हे सूत्र या चित्रपटाने दिले आणि पुढील सर्व कुटुंबवत्सल राक्षस-मनोरंजन त्यावरच उभे राहिले. भयपट आणि विनोद यांचे मिश्रण अनेकांनी नंतर केले, पण राक्षसांनाच विदूषक करून ज्यांनी केले त्यांचे चित्रपट लवकर विसरले गेले.

१९५७ मध्ये कोलंबिया कंपनीच्या स्क्रीन जेम्स या दूरचित्रवाणी शाखेने युनिव्हर्सलच्या जुन्या चित्रपटांचे प्रक्षेपण-हक्क घेतले आणि त्यांतून निवडलेले ५२ चित्रपट, म्हणजे वर्षातल्या प्रत्येक आठवड्याला एक, ‘शॉक!’ या नावाचा गठ्ठा करून स्थानिक वाहिन्यांना विकायला काढले. वाहिन्यांना रात्री उशिराची वेळ स्वस्तात भरून काढायची होती. या गठ्ठ्यातले ‘ड्रॅक्युला’सारखे थोडे चित्रपट दमदार आणि बाकीचे बरेच साधारण असल्याने प्रेक्षक टिकवण्यासाठी अनेक वाहिन्यांनी एक युक्ती केली : चित्रपटाच्या आधी, मध्ये आणि नंतर भुताच्या वेषात येऊन टवाळी करणारा सूत्रधार नेमायचा. लॉस एंजेलिसमध्ये मायला नुर्मी या अभिनेत्रीने १९५४ मध्येच ‘व्हॅम्पायरा’ या नावाने हा प्रयोग केला होता. आता फिलाडेल्फियात जॉन झॅकर्ली हा नट लांब काळा कोट घालून, तळघरात राहणारा सरदार म्हणून येऊ लागला. तो शवपेटीत पडून असलेल्या, कधीच न दिसणाऱ्या बायकोशी गप्पा मारी, फ्लॉवरचा गड्डा मेंदू म्हणून कापी, आणि ऐन रंगात आलेल्या दृश्याच्या मध्येच स्वतःचा चेहरा घुसवून पात्रांची फिरकी घेई.

ज्यांच्यासाठी हा उद्योग आरंभला होता ते मोठे प्रेक्षक बाजूला राहिले आणि आईबापांची परवानगी काढून किंवा न काढता जागणारी शाळकरी मुले त्याचा खरा प्रेक्षकवर्ग ठरली. चित्रपटगृहात अंधार असतो, खुर्ची परकी असते आणि पडदा डोक्याच्या कितीतरी वर असतो. घरी दिवा लावता येतो, भाऊ शेजारी असतो, राक्षस वीतभर उंचीचा असतो आणि तो अंगावर यायला लागला की सूत्रधार येऊन पाचकळ विनोद करतो. जत्रेत किंवा कीर्तनात सोंग आणि निरूपण एकमेकांना सांभाळून घेतात तसेच इथे झाले. सूत्रधार वाहिनीच्या गरजेतून जन्मला, पण भीतीची मात्रा ठरवून देणारा सोबती म्हणून मुलांच्या उपयोगी पडला. ही परंपरा अजून टिकून आहे : शिकागोत १९७९ पासून रिच कोझ हे रंगवलेला कवटीसारखा चेहरा आणि उंच टोपी घालून ‘स्वेंगूली’ होतात, वाईट कोटी केली की त्यांच्या अंगावर रबरी कोंबड्या फेकल्या जातात, आणि २०११ पासून हा कार्यक्रम शनिवारी रात्री देशभर दिसतो.

पुढचे सगळे भराभर घडले. १९५८ मध्ये फॉरेस्ट अ‍ॅकरमन यांच्या संपादनाखाली ‘फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड’ हे मासिक निघाले. एकाच अंकापुरते योजलेले हे प्रकाशन मुलांनी इतके उचलून धरले की ते अनेक वर्षे चालले, आणि ते वाचून वाढलेल्यांत स्टीव्हन स्पिलबर्ग आणि स्टीफन किंग हेही होते. १९६२ च्या ऑक्टोबरात कार्लॉफच्या आवाजाची नक्कल करणारे ‘मॉन्स्टर मॅश’ हे गाणे अमेरिकेत विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेले. १९६४ मध्ये ‘द अ‍ॅडम्स फॅमिली’ आणि ‘द मन्स्टर्स’ या मालिका एकाच महिन्यात सुरू झाल्या. दुसरीचे निर्माते तेच होते ज्यांनी त्याआधी ‘लीव्ह इट टू बीव्हर’ ही सोज्ज्वळ कौटुंबिक मालिका केली होती, आणि त्यांनी तेच शिस्तशीर घर घेऊन त्यात सपाट डोक्याचा बाप आणि पिशाच्च आजोबा बसवले. १९७१ मध्ये काउंट चॉक्युला आणि फ्रँकन बेरी ही राक्षसांच्या नावांची न्याहारीची सीरियल्स बाजारात आली. दुसऱ्यातल्या रंगामुळे एका मुलाला गुलाबी शौच झाल्याची नोंद १९७२ मध्ये एका बालरोगविषयक वैद्यकीय नियतकालिकात गंभीरपणे करण्यात आली होती, आणि ते लक्षण निरुपद्रवी असल्याचेही तिथे सांगितले होते. त्याच १९७२ मध्ये ‘सेसमी स्ट्रीट’ या बालवाडीच्या वयाच्या मुलांच्या कार्यक्रमात लुगोसीच्या हेलात आकडे मोजणारा ‘काउंट’ हा बाहुला अवतरला. सगळ्यांत मजेशीर वळण मात्र कार्लॉफचेच : १९६६ च्या ‘हाउ द ग्रिंच स्टोल ख्रिसमस!’ या नाताळच्या व्यंगचित्रपटाचे निवेदन त्याने केले, आणि १९३१ मध्ये ज्याला पाहून लोक शहारले त्याचा आवाज मुलांच्या नाताळचा भाग झाला.

एवढे असूनही कोणता राक्षस कोणत्या वयाला झेपेल, हा प्रश्न घरोघर पडतोच, आणि त्याविषयी केवळ अंदाजाने बोलण्याचे कारण नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातील जोअ‍ॅन कँटर यांनी मुलांच्या पडद्यावरील भीतीचा दीर्घकाळ अभ्यास केला. साधारण सात-आठ वर्षांपर्यंतची मुले दिसण्याला घाबरतात. चेहरा भेसूर असला की तो जीव स्वभावाने चांगला आहे हे सांगून उपयोग होत नाही. त्याहून मोठी मुले दिसण्याची पर्वा करीत नाहीत, पण प्रत्यक्षात घडू शकेल अशा संकटाला, उदाहरणार्थ चोर, अपहरण, आग यांना, अधिक घाबरतात. ‘द इन्क्रेडिबल हल्क’ या मालिकेतील सज्जन नायकाचे हिरव्या दांडगटात रूपांतर होताना लहानांना सर्वाधिक भीती वाटते, असे त्यांच्या एका अभ्यासात आढळले. तो दांडगट लोकांना वाचवायलाच येतो, हे त्या वयात ध्यानात येत नाही. यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो, तो असा की ‘द वुल्फ मॅन’ हा रक्तपात नसलेला चित्रपटही पाच वर्षांच्या मुलासाठी योग्य नाही, कारण त्याचा गाभाच ओळखीच्या माणसाचे अनोळखी प्राण्यात रूपांतर हा आहे.

अमेरिकेतील फ्रेड रॉजर्स या मुलांच्या कार्यक्रमकर्त्याला हे फार चांगले उमगले होते. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ या १९३९ च्या चित्रपटातील हिरव्या चेटकिणीने पिढ्यान्‌पिढ्या मुलांची झोप उडवली होती. १९७५ मध्ये रॉजर्स यांनी ती भूमिका करणाऱ्या मार्गारेट हॅमिल्टन यांना कार्यक्रमात बोलावले, आणि साध्या कपड्यांतील त्या हसतमुख बाईंनी मुलांदेखत काळा झगा आणि टोपी चढवली. पुढच्याच वर्षी ‘सेसमी स्ट्रीट’ने त्याच अभिनेत्रीला त्याच चेटकिणीच्या रूपात थेट गोष्टीत आणले, तेव्हा पालकांच्या तक्रारींचा इतका पाऊस पडला की तो भाग पुन्हा दाखवला गेला नाही. अभिनेत्री तीच आणि वेषही तोच असताना एकीकडे मुलांना मुखवटा चढताना दिसला आणि दुसरीकडे आयता चढलेला समोर आला. पिअर्सच्या रंगभूषेची छायाचित्रे चित्रपटाआधी दाखवणे हा म्हणूनच आईबापांच्या हातातला सर्वांत सोपा उपाय आहे. त्याने मजा कमी होत नाही, कारण मुलांना भीतीइतकेच तिच्या कारागिरीचेही कुतूहल असते.

निवड करताना या चित्रपटांची लांबीही विचारात घ्यावी. १९३० च्या दशकातील बहुतेक चित्रपट सत्तर-पंचाहत्तर मिनिटांचे आहेत, त्यामुळे शाळेच्या दिवशीही जेवणानंतर एक पाहून होतो. अगदी लहानांसाठी ‘इट्स द ग्रेट पंपकिन, चार्ली ब्राउन’ हा १९६६ चा अर्ध्या तासाचा व्यंगचित्रपट किंवा १९६९ पासूनचा ‘स्कूबी-डू’ पुरे. ‘स्कूबी-डू’मध्ये तर बहुतेक प्रत्येक भूत शेवटी मुखवटा घातलेला लबाड माणूस निघते. शाळकरी मुलांनी अ‍ॅबट-कॉस्टेलोपासून सुरुवात करावी. त्यानंतर ‘फ्रँकेन्स्टाइन’, आणि तो आवडलाच तर १९३५ चा ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’, जो या साऱ्या मालिकेतील सर्वश्रेष्ठ चित्रपट आहे आणि ज्यात मॉन्स्टर बोलायला शिकतो. ‘द ममी’ संथ आहे, मुलांना कंटाळा येईल. १९५४ चा ‘क्रिएचर फ्रॉम द ब्लॅक लगून’ दहा-बारा वर्षांच्या मुलांना हमखास आवडतो; त्यातल्या जलमानवाचे रूप मिलिसेंट पॅट्रिक या चित्रकर्तीने रेखाटले होते आणि त्याचे श्रेय तिला कित्येक दशके मिळाले नाही, ही त्यामागची कहाणीही त्या वयात सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलांची या मंडळींशी पहिली गाठ बहुधा शाळेतच पडते, आणि २०२४ मध्ये नरक चतुर्दशी व हॅलोविन ३१ ऑक्टोबरलाच आल्याने पहाटेचा नरकासुर आणि संध्याकाळचा ड्रॅक्युला यांची वर्णी एकाच दिवशी लागली होती.

या राक्षसांच्या मालकीचा प्रश्न लवकरच नव्याने समोर येणार आहे. मेरी शेली यांची कादंबरी कधीपासूनच सर्वांसाठी खुली आहे, पण पिअर्सने घडवलेले सपाट डोक्याचे रूप युनिव्हर्सलच्या हक्कात असल्यामुळे इतर निर्मात्यांना आपला मॉन्स्टर वेगळा दिसेल याची काळजी घ्यावी लागत आली. ‘द मन्स्टर्स’ला ते रूप वापरता आले, कारण ती मालिका युनिव्हर्सलनेच काढली होती. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे १९३१ च्या चित्रपटांचे हक्क ९५ वर्षांनी संपतात, म्हणजे ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ हे दोन्ही चित्रपट १ जानेवारी २०२७ पासून तिथे कोणालाही दाखवता, छापता आणि नव्याने रचता येतील. ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मधील, केसांत विजेसारखे पांढरे पट्टे असलेल्या वधूसाठी मात्र २०३१ पर्यंत थांबावे लागेल.